घरकामगार बायकांवर कॉलेजचा प्रोजेक्ट केला, तर त्याचा त्यांना काही उपयोग होतो का?

तुम्ही ठाण्यात टीवायबीएला आहात आणि विचारताय, की या प्रोजेक्टमधून त्या बायकांचं काही भलं होतं की नुसते आपले मार्क. आम्ही चौघींनी ठाण्यातच याच विषयावर काम केलं होतं, म्हणून सांगते. उपयोग होतो. फक्त प्रश्न त्यांचे असायला हवेत.

आम्ही वर्गात बसून 22 प्रश्नांचा फॉर्म केला आणि लोकमान्यनगरला गेलो. पहिल्याच घरी 'वार्षिक उत्पन्न' या रकान्यावर गाडी अडली. मावशी म्हणाल्या, "वर्षाचं कोण धरतंय गं? घरागणिक सांगते. भांडी वेगळी, लादी वेगळी, कपडे वेगळे." 'रजा किती मिळतात?' याला सगळ्या गप्प. दुसऱ्या दिवशी 'खाड्याचे पैसे कापतात का?' असं विचारलं, तर अर्धा तास बोलत होत्या. तेव्हा फॉर्म छापण्याआधी पाचसहा जणींशी नुसत्या गप्पा मारा, वही बंद ठेवून.

निघताना एकीने विचारलं, "लघवीला कुठे जातो ते नाही लिहायचं?" आमच्या फॉर्ममध्ये ते नव्हतंच. सकाळी सातला घर सोडायचं, घोडबंदर रोडच्या टॉवरमधली चारपाच घरं करून तीनला परतायचं. जो संडास रोज घासायचा, तो वापरायची मुभा नाही. म्हणून त्या सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना मी हे कधीच विचारलं नव्हतं, याची त्या दिवशी फार लाज वाटली. गाईडना सांगून आम्ही विषयच बदलून घेतला.

कायद्याचं थोडक्यात. 2008च्या कायद्याने राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळ आलं, 18 ते 60 वयात नोंदणी होते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्यात घरकामगारही येतात, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची. आम्ही भेटलो त्यातल्या बहुतेकींना दोन्ही ठाऊक नव्हतं. नोंदणी किती जणींची झाली, हे माहिती अधिकारात विचारा. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. आम्हाला मुदतीत काहीच आलं नाही, पहिलं अपील केल्यावर आकडे हाती आले. म्हणून अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच टाका.

कॉलेजात जमा करण्याआधी एका रविवारी आम्ही रिपोर्ट वस्तीतल्या समाजमंदिरात वाचून दाखवला. कामाच्या दरांतल्या दोन चुका बायकांनी तिथल्या तिथे दुरुस्त केल्या. मग त्यांच्यातल्या तिघी संडासाचं एक पान घेऊन सोसायट्यांच्या कमिट्यांकडे गेल्या, आम्ही सोबत होतो. दोन ठिकाणी गेटवरूनच परत पाठवलं. तिसऱ्या सोसायटीने तळमजल्यावरचा वॉचमनचा संडास बायकांना खुला केला, दाराला आतून कडीही बसवून दिली. एवढंच झालं, पण त्या कडीचं मोल मला माझ्या मार्कांपेक्षा जास्त आहे.

रिपोर्टमध्ये बाईचं नाव, सोसायटीचं नाव, फ्लॅट नंबर यातलं काहीही येऊ देऊ नका. कुणी ओळखलं तर तिचं काम जाईल. आणि भेटायला दुपारी साडेतीननंतर जा. आम्ही जायचो तिथे पाचला पाणी यायचं, मग बोलायला कुणी मोकळं नसायचं.