किंक्स: कुठला अल्बम आधी, कुठला नंतर (उत्तर लांबलंय)

तुम्ही लिहिलंय की किंक्स या ब्रिटिश रॉक बँडची 'यू रिअली गॉट मी' आणि 'लोला' ही गाणी आवडली, म्हणून सगळे ज्याचं कौतुक करतात तो त्यांचा 'प्रिझर्वेशनवाला' अल्बम लावलात. त्यात मध्येच कुणीतरी बातम्या वाचल्यासारख्या घोषणा करतंय, मागे ब्रास वाजतंय, बायकांचा कोरस आहे, मिस्टर फ्लॅश नावाचा कुणी गुंड आहे, आणि शेवटपर्यंत कशाचा कशाला पत्ता नाही. 'माझंच काही चुकतंय का?' असा तुमचा प्रश्न.

तुमचं काही चुकत नाहीये. तुम्ही ऐकलात तो 'प्रिझर्वेशन ॲक्ट 2', 1974 चा. लोक बोलतात ते 1968 च्या 'द किंक्स आर द व्हिलेज ग्रीन प्रिझर्वेशन सोसायटी'बद्दल. घोटाळा होणं साहजिक आहे, कारण त्या गावाचीच कल्पना पुढे ओढून बँडचा गायक आणि गीतकार रे डेव्हिसने ते नाटक रचलं. जॉनी थंडर हे पात्र तर दोन्हीकडे आहे. पण 1968 चा म्हणजे सुटी सुटी पंधरा गाणी, आणि 1974 चा एका लांबलचक संगीत नाटकाचा उत्तरार्ध. म्हणजे तुम्ही मध्यंतरानंतर नाट्यगृहात शिरलात.

हे वाचून मी लगेच लिहायला बसलो, कारण माझ्याबरोबर हेच झालं होतं आणि वर त्याचे पैसे मोजावे लागले होते. तेव्हा गाणी अशी फोनवर मिळत नसत. परदेशातून रेकॉर्डी मागवून देणारं एक दुकान होतं. नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. मी अल्बमचं पूर्ण नाव आणि साल लिहून दिलं, सगळी रक्कम आगाऊ भरली. बऱ्याच महिन्यांनी फोन आला की माल आलाय, पण डबल रेकॉर्ड, म्हणजे दोन तबकड्यांचा संच, असल्यामुळे फरक भरावा लागेल. व्हिलेज ग्रीन डबल नाही, हे मी फोनवरच सांगितलं. उत्तर आलं, 'सर, सिस्टीममध्ये डबलच दिसतंय.' मी सीलही न फोडता परत करायला गेलो तर काउंटरवरच्या माणसाने पावतीवरच्या 'किंक्स' आणि 'प्रिझर्वेशन' या दोन शब्दांवर पेनाने बरोबरच्या खुणा केल्या आणि पावती माझ्याकडे सरकवली. दोन्ही शब्द जुळतायत, मग तक्रार कसली?

त्यानंतर ईमेल. प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि प्रत्येकाला ऑर्डर नंबर नव्याने हवा, फोटो नव्याने हवा. 'आमच्या टीमकडे पाठवलं आहे.' ही टीम कुठे बसायची देव जाणे. शेवटी क्रेडिट नोट मिळाली, तीही मुदतीची, आणि त्या मुदतीत मला हवं असलेलं काहीही त्यांच्याकडे आलं नाही. पैशांचं दुःख एक वेळ विसरलो असतो. खरं नुकसान असं झालं की ती रेकॉर्ड घरात पडलीच आहे तर ऐकू या म्हणून ऐकली, किंक्स म्हणजे हे असलं, अशी खूणगाठ बांधली, आणि पुढची कित्येक वर्षं त्या बँडच्या वाटेला गेलो नाही. 'वॉटर्लू सनसेट' माझ्या आयुष्यात इतक्या उशिरा यायचं काही कारण नव्हतं. असो.

(तुम्हीही रेकॉर्डी विकत घेणार असाल तर लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, विचारा. व्हिलेज ग्रीन ब्रिटनमध्ये 'पाय'ने काढला, अमेरिकेत 'रिप्राइज'ने. प्रिझर्वेशनचे दोन्ही भाग आरसीएचे. एवढं लेखी घेतलं तरी निम्मे घोळ टळतात.)

आता मुद्द्याचं. मी समीक्षक वगैरे नाही, वाद्य एकही येत नाही, तेव्हा हे मत म्हणूनच घ्या. सालवार ऐकायला जाऊ नका. 1964-65 चे सुरुवातीचे अल्बम म्हणजे दोन-तीन जबरदस्त गाणी आणि बाकी भरती. रेचा भाऊ आणि बँडचा गिटारवादक डेव्ह याने ब्लेडने स्पीकरचा पडदा फाडून काढलेला तो 'यू रिअली गॉट मी'चा खरखरीत आवाज ऐकलाय ना तुम्ही? मग तो काळ समजला. पुढे चला.

माझ्या मते सुरुवात 1967 च्या 'समथिंग एल्स'पासून करावी. व्हिलेज ग्रीनपासूनही नाही, आणि यावर इथले जुने लोक मला झोडणार हे माहीत आहे. व्हिलेज ग्रीन कानात मुरायला वेळ घेतो. त्याची गंमत कळायला रे डेव्हिस हा माणूस कुणाकडे आणि कशा नजरेने बघतो, ते आधी माहीत असावं लागतं. 'समथिंग एल्स'मध्ये ते सरळ समोर येतं. शाळेतल्या सगळ्यात लाडक्या मुलाबद्दलचा हेवा सांगणारं 'डेव्हिड वॉट्स' आहे, डेव्हने गायलेलं 'डेथ ऑफ अ क्लाउन' आहे. 'टू सिस्टर्स'मध्ये एक बहीण मजा मारतेय आणि दुसरी घरकामात अडकलीय. यातल्या बहिणी म्हणजे रे आणि डेव्ह हे भाऊच, असं बरेच जण म्हणतात, आणि त्या दोघांचं कसं जमायचं हे वाचलं असेल तर पटतंही. शेवटचं गाणं 'वॉटर्लू सनसेट'. याबद्दल मी काही बोलणार नाही, तुम्ही ऐका.

ते मानवलं की व्हिलेज ग्रीन. 22 नोव्हेंबर 1968 ला, म्हणजे बीटल्सचा पांढऱ्या कव्हरचा डबल अल्बम ज्या दिवशी आला त्याच दिवशी हाही आला, आणि ब्रिटनच्या खपाच्या यादीत कुठेही दिसला नाही. बाकीचे बँड कानठळ्या बसवत होते तेव्हा हा माणूस जुने फोटो, वाफेची शेवटची इंजिनं आणि शाळासोबती यांच्यावर गाणी लिहीत होता. 1965 च्या दौऱ्यानंतर अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने या बँडला तिथे वाजवायला 1969 पर्यंत मज्जाव केला होता. त्यामुळे रे आणखीच घराकडे वळला असं मानतात, मलाही ते पटतं. 'डू यू रिमेंबर वॉल्टर' आधी ऐका: लहानपणीचा जिगरी दोस्त आज भेटला तर बोलायला काय उरलं असेल? शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडावासा वाटलेल्या माणसाला हे गाणं समजावून सांगावं लागत नाही.

तिसरा 'आर्थर', 1969. टीव्हीवरच्या नाटकासाठी लिहिला आणि ते नाटक कधी झालंच नाही, त्यामुळे 'ॲक्ट 2'सारखा त्रास होईल असं वाटेल. होत नाही. गोष्ट माहीत नसली तरी प्रत्येक गाणं आपल्या पायावर उभं आहे. मागे खरी माणसं आहेत: रेची मोठी बहीण रोझ आणि तिचा नवरा आर्थर, जे ऑस्ट्रेलियाला निघून गेले. 'व्हिक्टोरिया'त साम्राज्याची यादी येते तेव्हा आपलाही नंबर लागतो, आणि तो कौतुकाने की चिमटा काढत, ते प्रत्येकाने ठरवावं. हप्त्याहप्त्याने उभ्या केलेल्या घरात बसलेल्या माणसाचं 'शांग्री-ला' माझ्या हिशेबाने त्यांचं सगळ्यात मोठं गाणं आहे. वाद घालायचा असेल तर तयार आहे.

मग 1971 चा 'मसवेल हिलबिलीज'. जुन्या वस्त्या पाडून माणसांना दुसरीकडे हलवणारे सरकारी लोक, आणि हललेली माणसं. पुनर्विकासाच्या सोसायटी मीटिंगा काढलेल्यांनी जरूर ऐकावा. 1970 चा 'लोला व्हर्सेस पॉवरमॅन' यांच्या मध्ये कुठेही लावा. प्रकाशक, मॅनेजर, युनियन, सगळ्यांवर रेने त्यात राग काढलाय. एका दुकानावर एवढा मजकूर खर्ची घालणाऱ्या माझ्यासारख्याला तो आवडणारच.

एक गोष्ट नवीन लोकांना कुणी सांगत नाही. साठच्या दशकातली यांची कित्येक उत्तम गाणी मूळ ब्रिटिश अल्बमांत नाहीतच, फक्त सिंगल, म्हणजे एकेका गाण्याची सुटी रेकॉर्ड, म्हणून आली. 'डेड एंड स्ट्रीट', 'ऑटम अल्मनॅक', 'डेज'. म्हणून पाय कंपनीच्या काळातला एखादा संग्रह जवळ ठेवा, पण अल्बमच्या जोडीला, ऐवजी नव्हे. त्यात 'सी माय फ्रेंड्स' असेल. 1965 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाला जाताना हे लोक मुंबईत थांबले होते. पहाटे कामाला निघालेल्या कोळ्यांचं गाणं रेच्या कानावर पडलं आणि त्यातून हे आलं. सतार नाही, गिटारीवरच तो एकसुरी घुमारा धरलाय. आणि हे बीटल्सच्या सतारीच्या आधीचं, जुलै 1965 चं. आपल्याकडे हे फारसं कुणाला माहीत नसतं याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

1973 ते 75 चे नाटकवाले अल्बम शेवटी. काहींना ते मनापासून आवडतात, त्यांच्याशी माझं वैर नाही. पण ॲक्ट 1 आधी ऐका. त्यात 'स्वीट लेडी जेनेव्हीव' आहे, ते एकटंही पुरतं. सत्तरचा उत्तरार्ध मोठ्या मैदानांतल्या अमेरिकन श्रोत्यांसाठीचा रॉक आहे, 'लो बजेट' एकदा ऐकून बघा. 1983 च्या 'स्टेट ऑफ कन्फ्यूजन'मधलं 'कम डान्सिंग' मात्र चुकवू नका. वरवर नाचाचं गाणं, पण ते रेच्या बहिणीचं आहे: तिने त्याच्या तेराव्या वाढदिवसाला गिटार दिली आणि त्याच रात्री लंडनच्या लायसियम नावाच्या नाचघरात नाचता नाचता वारली.

ॲपवर ऐकणार असाल तर 'डिलक्स' आवृत्त्यांत मोनो, स्टिरिओ, अर्धवट तालमी असं सगळं एकापाठोपाठ लागतं आणि एकच गाणं दोन-तीनदा कानावर पडतं. 'समथिंग एल्स' 'वॉटर्लू सनसेट'ला संपतो, व्हिलेज ग्रीन 'पीपल टेक पिक्चर्स ऑफ ईच अदर'ला. तिथे बंद करा. आणि शफल बंद ठेवा.