क्षमा केली, पण हप्ता कोण भरणार?

सलाम ताई.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. ताईंच्या यजमानांनी चर्चच्या मंडळीतल्या एका विश्वासणाऱ्या भावाला पतसंस्थेच्या तीन लाखांच्या कर्जासाठी जामीन म्हणून सही दिली. त्याने वर्षभर हप्ते भरले आणि मग हात वर केले. आता यजमानांच्या पगारातून दरमहा साडेसहा हजार कापले जातात, आणि तो भाऊ दर रविवारी पुढे बसून पेटी वाजवतो. पाळकसाहेब म्हणाले, "क्षमा करा, विषय वाढवू नका, करिंथकरांस पहिलं पत्र, सहावा अध्याय वाचा." ताईंनी चार महिने प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत मंडळीने मिळून घ्यायची भाकर आणि द्राक्षरस, घेतलेलं नाही. त्यांचं विचारणं असं, की मनातून राग जात नाही म्हणजे माझंच चुकतंय का, आणि कोर्टाची पायरी चढलो तर ते पाप ठरेल का.

मी पाळक नाही. एका पतसंस्थेत सव्वीस वर्षं वसुलीच्या टेबलावर काढली, आणि आमच्या मंडळीत अठरा वर्षं पंच होतो, त्यातली अकरा खजिनदार. त्यामुळे कर्जदारांच्याही शिव्या खाल्ल्यात आणि विश्वासणाऱ्यांच्याही. त्या हिशेबानेच माझं बोलणं घ्या.

आधी प्रभुभोजनाचं, कारण तेच तुम्हाला जास्त बोचतंय असं दिसतं. 'अयोग्य प्रकारे' भाकर खाण्याबद्दल प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला त्याच पत्रात लिहितो, ते वचन आपल्याकडे नेहमी मनातल्या रागालोभाशी जोडलं जातं. पण त्या पत्राचा अकरावा अध्याय सतराव्या वचनापासून सलग वाचा. करिंथची मंडळी एकत्र जेवायची. ज्यांच्याकडे भरपूर होतं ते आपलं आपलं आधी खाऊन-पिऊन मोकळे व्हायचे, आणि गरीब उपाशी राहायचा. एक भुकेला, तर दुसरा प्यायलेला. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का, असं पौल खडसावून विचारतो, आणि शेवटी सांगतो की एकमेकांसाठी थांबा. म्हणजे ज्याच्या ताटातलं गेलं त्याला पौल मेजावरून उठवत नाही. ज्याने भावाचा वाटा खाल्ला त्याला तो स्वतःची पारख करायला सांगतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानातलं ५:२३-२४ सुद्धा असंच उलटं वाचलं जातं. वेदीजवळ अर्पण आणलंय आणि 'आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे' हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जा, असं प्रभू म्हणतो. आता इथे कुणाच्या मनात कुणाविरुद्ध काही आहे? तुमच्या मनात त्याच्याविरुद्ध आहे. मग अर्पण ठेवून उठायचं कुणी? पेटी वाजवणाऱ्याने. तुम्ही चार महिने उपाशी बसलात आणि ज्याने उठायला हवं होतं तो सूर धरून बसलाय. येत्या प्रभुभोजनाला तुम्ही बसा, एवढंच म्हणतो.

आता क्षमा. "क्षमा करा" म्हणजे "गप्प बसा" असा अर्थ आपल्या मंडळ्यांत कधी रुजला कोण जाणे, पण पक्का रुजलाय. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात 'सत्तर वेळा सात क्षमा कर' हे नंतर येतं. त्याच्या आधी, पंधरा ते सतरा वचनांत, पायऱ्या सांगितल्यात: भावाने अपराध केला तर जा, तो आणि तू एकटे असताना त्याचा दोष त्याला दाखव. नाही ऐकलं तर एकदोघांना बरोबर ने. तरी नाही, तर मंडळीला सांग. हे सगळं झाल्यावर येशूचा शिष्य पेत्र विचारतो, "प्रभू, किती वेळा क्षमा करू?" चूक उघडपणे सांगितली जाते आणि मग क्षमेची गोष्ट निघते. आपण पहिला अर्धा भाग गिळतो आणि दुसरा अर्धा ज्याचं नुकसान झालं त्याच्या गळ्यात घालतो.

त्याच अध्यायात निर्दय चाकराचा दाखला आहे: राजाने त्याचं प्रचंड कर्ज माफ केलं, पण तो सोबत्याला शंभर दीनारांच्या देण्यासाठी धरतो. उपदेशात आपण ते "क्षुल्लक" म्हणून उडवतो. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवसाची मजुरी एक दीनार ठरते. म्हणजे शंभर दिवसांची मजुरी, सुट्ट्या धरून चार महिन्यांच्या आसपासची कमाई. राजाने माफ केलेल्या दहा हजार तालांतांपुढे ती काहीच नाही हे खरंच, पण मजुराच्या घरात ती क्षुल्लक नव्हती, आणि येशूने तिला क्षुल्लक म्हटलेलंही नाही. तुमचे दरमहा साडेसहा हजारही क्षुल्लक नाहीत. त्यावर मुलांची फी अडते.

देण्याघेण्याबद्दल मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं ते पौलाने फिलेमोन नावाच्या विश्वासणाऱ्याला लिहिलेलं पत्र. पंचवीसच वचनं. अनेसिम हा फिलेमोनाचा दास, पौलाच्या हातून विश्वासात आलेला, आणि पौल त्याला परत पाठवतोय. आजच्या पंचांसारखा पौल असता तर लिहिलं असतं, "झालं गेलं विसरून जा." पण अठरा-एकोणीस वचनांत तो म्हणतो, त्याने तुझं नुकसान केलं असेल किंवा त्याच्याकडून तुझं येणं असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, मी पौल स्वतःच्या हाताने लिहितो, मी फेडीन. म्हणजे हिशेब मिटवायचा तर कुणीतरी तो भरला पाहिजे, हे पौलाला पुरतं कळतं. वसुलीच्या टेबलावर मी असा जामीनदार एकही पाहिला नाही. आणखी एक गोष्ट बघा: पत्र फिलेमोनाच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही लिहिलंय. म्हणजे देण्याची ही गोष्ट मंडळीपासून लपवायची आहे असं पौलाला वाटत नव्हतं. वर बाविसाव्या वचनात सांगतो, माझ्यासाठी राहायची सोय करून ठेव. येऊन बघणार होता!

तुमच्या पाळकसाहेबांनी एवढंच करायचं होतं. "क्षमा करा" म्हणण्याआधी त्या भावाच्या घरी जाऊन विचारायचं, "तुझा हप्ता दुसरा कोणी भरतोय, माहीत आहे ना?"

आणि करिंथकरांस सहावा अध्याय. हो, विश्वासणाऱ्याने विश्वासणाऱ्याला कोर्टात खेचावं याची पौलाला लाज वाटते. पण तो ओरडतो कुणावर? पाचवं वचन: भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? हा मार पंचांना आहे. आठवं वचन: तुम्हीच अन्याय करता, तुम्हीच लुबाडता, आणि तेही भावांना. हा मार पैसे बुडवणाऱ्याला आहे. मधलं सातवं, 'त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही', तेवढं उचलून आपण ज्याचं नुकसान झालं त्याच्या तोंडावर मारतो. माझं मत विचाराल तर सातवं वचन माणसाने स्वतःला सांगायचं असतं. तुम्ही आणि यजमान रात्री बसून ठरवलंत की हे पैसे देवाच्या नावाने सोडायचे, तर ती मोठी गोष्ट आहे आणि मी टोपी काढीन. पण ज्याच्या पगारातून एक रुपया कापला जात नाही त्याने ते दुसऱ्याला ऐकवू नये. ज्या मंडळीने निवाड्याचं आपलं काम केलं नाही तिला "कोर्टात जाऊ नका" म्हणायचा अधिकार कितपत उरतो, हाही प्रश्न आहेच.

हे सगळं शहाणपण मला आधीपासून होतं असं समजू नका. मी पंच असताना असंच एक प्रकरण आलं. जामीनदार दोघेही आपल्याच मंडळीतले. मी पतसंस्थेतला माणूस, आकडे तोंडपाठ. पंचांच्या सभेत थकबाकी वाचून दाखवली आणि कर्ज घेतलेल्या भावाला पुढच्या महिन्यापासून शास्त्रपाठ वाचू द्यायचा नाही असा ठराव करून घेतला. त्याच्या घरी मात्र कोणीच गेलं नव्हतं. पहिली पायरी आम्ही खाऊनच टाकली. नंतर कळलं की कर्जाचा पैसा त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाच्या औषधपाण्यात गेला होता, आणि तो धाकटा वाचला नव्हता. ठरावाची बातमी कर्जदाराच्या बायकोला स्त्रियांच्या सभेत दुसऱ्याच बाईकडून कळली. ते कुटुंब मंडळी सोडून गेलं. मुलगा आमच्या संडे स्कूलमध्ये नाताळच्या नाटकात मेंढपाळ व्हायचा, तोही गेला. त्या माणसाने पुढे सहा वर्षांत पै न् पै फेडली, मला भरणा पतसंस्थेतच दिसत होता. लग्नात भेटला तेव्हा मी हात पुढे केला. त्याने सलाम केला, हात दिला नाही. त्याचं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

म्हणून पहिली पायरी गाळू नका, राग कितीही असो. आणि जायचं तुम्ही नाही, यजमानांनी. सही त्यांची आहे. फोनवर नको, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तर मुळीच नको, आणि रविवारी उपासनेनंतर मंदिराच्या पायऱ्यांवरही नको. आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी त्याच्या घरी. सोबत कपातीच्या पगारपत्रकांच्या झेरॉक्स. बोलायचं सरळ: इतके महिने, इतके रुपये माझे गेले, तुझी अडचण काय आहे ते सांग, दरमहा तू किती देऊ शकतोस? ऐकताना खरंच ऐकायचं. काम गेलं असेल, घरात आजार असेल, दारू असेल. दारू असेल तर तो वेगळाच विषय, आणि मग त्याच्या बायकोशी तुम्ही बोलणं बरं. तो दोन हजार म्हणाला तर दोन हजार घ्या. आकडा छोटा चालेल, पण तारीख ठरली पाहिजे.

नाही जमलं तर दोघांना बरोबर न्या. त्यात एक त्याच्या बाजूचा वाटेल असा असू द्या, तुमचेच दोन दीर नकोत. तेही नाही झालं तर पंचांना लेखी द्या, आणि पंचांनी त्याला बोलावून ऐकून घ्यावं. एवढं सगळं होऊनही तो पेटीवर बसला तर प्रश्न मंडळीचा झाला. मत्तयाच्या अठराव्या अध्यायाच्या सतराव्या वचनात त्याला 'जकातदारासारखा' समज असं आहे (जकातदार तेव्हा तुच्छ मानले जात), त्याचा अर्थ वाळीत टाकणं असा काहीजण काढतात. हे लिहिणारा मत्तय स्वतः जकातदार होता, आणि येशू त्याच्या पंक्तीला बसला होता, एवढं विसरू नये. त्याची पेटी थांबवा. त्याचं उपासनेला येणं थांबवू नका.

कायद्याचं थोडं, कारण ते माझं जुनं दुकान. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. १८७२च्या भारतीय करार कायद्यातलं ते १२८वं कलम. त्यामुळे "आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या" असं पतसंस्थेला सांगून उपयोग नाही. पण त्याच कायद्याने जामीनदाराने भरलेला पैसा कर्जदाराकडून मागायचा हक्क जामीनदाराला दिलाय. दावा करायला भरल्यापासून तीन वर्षं असतात, म्हणून "बघू, प्रभू करील" म्हणत वर्षं घालवू नका. वकिलाची नोटीस पाठवणं म्हणजे सूड नव्हे. पौलाने स्वतः कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली होती, भावाविरुद्ध नव्हे हे मान्य, पण न्यायाधीशाच्या दारात पाऊल ठेवणं त्याला बाटल्यासारखं वाटलं नाही. पायऱ्या सगळ्या चढून झाल्यावर गेलात तर मी तुम्हाला दोष देणार नाही. आधीच गेलात तर देईन.

"विश्वासणाऱ्यांमध्ये कागद कशाला" हे जे तुमच्या यजमानांना सही घेताना ऐकवलं गेलं, त्यावर यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय दाखवा. शहराला वेढा पडलेला, संदेष्टा कैदेत, आणि अनाथोथचं शेत विकायला आलेला चुलतभाऊ. त्या परिस्थितीतही यिर्मयाने सतरा शेकेल चांदी तोलून दिली, खरेदीखत लिहिलं, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, मोहर केली आणि कागद मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितला. देवाच्या सांगण्यावरून, आणि सख्ख्या चुलतभावाशी! नीतिसूत्रांचा सहावा अध्याय तर जामीन राहणाऱ्याला सरळ सांगतो की हरणासारखा फासातून सुटून जा, झोप काढू नकोस. हे वचन मी आमच्या पतसंस्थेच्या भिंतीवर लावू का म्हणून मॅनेजरला विचारलं होतं. त्यांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

पाळकसाहेबांवर राग धरू नका. त्यांच्यावर दोन्हीकडून ओढ असते, आणि पेटीवाला गेला तर पुढच्या रविवारी अभंग कोणाच्या सुरात म्हणायचे ही त्यांची खरी अडचण असते. हसू नका, आमच्याकडे झालंय.

यजमान जाऊन आले की इथे कळवा, काय बोलणं झालं ते. आणि पतसंस्थेकडून वसुलीचा कागद आला असेल तर मूळ प्रत कुणाच्याही हाती देऊ नका, पंचांच्याही नाही. झेरॉक्स द्या.