वेल्शमध्ये ‘हो’ कसं म्हणायचं?

प्रश्न एका स्नेही बाईंचा. मुलगी वेल्सच्या उत्तरेला बँगोर विद्यापीठात संशोधन करते, त्या आणि त्यांचे यजमान जूनमध्ये तिच्याकडे जाणार आहेत. ‘तिथे घरात, दुकानात वेल्श बोलतात म्हणे. हो, कृपया आणि धन्यवाद एवढे तीन शब्द पाठ करून जावं म्हटलं, तर मुलगी सांगते की वेल्शमध्ये ‘हो’ला शब्दच नाही. असं कसं असेल? आणि दोन-दोन एल लिहितात त्याचा उच्चार ळ करायचा का?’

तीनपैकी धन्यवाद सोपं, ते आधी देऊन टाकतो : दिओल्ख. त्यातला ख आपल्या खडूतला नाही, उर्दूच्या ‘ख़बर’मधला, घशात घासणारा. फार आभार मानायचे असतील तर ‘दिओल्ख अन वाउर’. सकाळी भेटलात तर ‘बोरे दा’. ‘बोरे’ म्हणजे सकाळ, ‘दा’ म्हणजे चांगली.

आता ‘हो’. तुमची मुलगी बरोबर सांगते, पण तिने ते इंग्रजीच्या बाजूने पाहिलं म्हणून तिला नवल वाटलं. मराठीच्या बाजूने बघा. दुकानात गेलात, विचारलंत, ‘खोबरं आहे का?’ दुकानदार काय म्हणतो? ‘आहे.’ ‘आत येऊ का?’ – ‘या.’ ‘उद्या येतोस का?’ – ‘येतो.’ दिवसभरात आपण ‘हो’ म्हणतो त्याहून जास्त वेळा प्रश्नातलं क्रियापदच उचलून परत देतो. वेल्श माणूस हेच करतो. ‘ओइस?’ म्हणजे ‘आहे का?’ आणि उत्तरही ‘ओइस’, आहे. नसेल तर ‘नाग ओइस’. ‘तुम्ही शिकताय का?’ असं विचारलं तर उत्तर ‘अदू’, म्हणजे ‘मी आहे’. ‘तो येतोय का?’ असं विचारलं तर ‘अदी’, म्हणजे ‘तो आहे’. ‘घेऊ का?’ला उत्तर ‘केउख’, म्हणजे ‘घ्या, मुभा आहे’. मुलाला अरेतुरेत सांगायचं तर ‘केइ’. भूतकाळातल्या प्रश्नाला मात्र सगळ्यांसाठी एकच ‘दो’. आणि प्रश्नाची सुरुवात क्रियापदाने न होता नामाने झाली, ‘चहा?’ असं नुसतं विचारलं, तर ‘इये’. हा ‘इये’ आपल्या ‘हो’च्या सगळ्यात जवळचा.

एक गंमत मला या निमित्ताने सुचली. आपला ‘होय’ तरी कुठे वेगळा शब्द आहे? ते ‘होणे’चंच जुनं रूप, ज्ञानेश्वरीत ‘होय’ म्हणजे ‘होतं’. आणि ‘नाही’ म्हणजे न आणि आहे. म्हणून तर तो अजून चालतो : मी नाही, तू नाहीस, ते नाहीत. इंग्रजीचं ‘नो’ असं कधी चालत नाही.

या क्रियापदांनी मला एकदा तोंडघशी पाडलंय. कार्नार्वोनच्या गडाजवळ एक छोटं चहाचं दुकान. फोनवर तीन महिने गिरवलेलं वाक्य मी छाती फुगवून म्हटलं, ‘गा ई बानेद ओ दे, ओस ग्वेलुख अन धा?’ एक कप चहा मिळेल का. बाई खूश झाल्या. ‘केउख,’ म्हणाल्या आणि पुढे विचारलं, ‘ल्हेव्रिथ?’ मी शिकलो होतो दक्षिणेची वेल्श, तिथे दुधाला ‘ल्हाइथ’ म्हणतात. उत्तरेत दूध म्हणजे ‘ल्हेव्रिथ’ हे माझ्या गावीही नव्हतं. काहीतरी होकारार्थी बोलायचं म्हणून मी जोरात म्हटलं, ‘अदू!’ म्हणजे त्यांनी विचारलं ‘दूध?’ आणि मी सांगितलं ‘मी आहे’. बाईंनी हसू आवरलं, दुधाचं भांडं उचलून दाखवलं. मग मी मान डोलावली, ती सगळ्या प्रांतांत चालते.

पुणेरी माणूस नागपुरात कोथिंबीर मागतो आणि समोरचा ‘सांभार?’ विचारतो, तसंच हे. उत्तर-दक्षिणेतला सगळ्यात मजेदार फरक ‘आत्ता’चा. दक्षिणेत ‘नाउर’, उत्तरेत ‘रूअन’. रोमन लिपीत लिहिलं की एक शब्द दुसऱ्याचा नेमका उलटा होतो. तुम्ही बँगोरला चाललात, तेव्हा उत्तरेचीच रूपं पाठ करा.

वरच्या वाक्यातच तुमच्या ‘कृपया’चं उत्तर आहे. ‘ओस ग्वेलुख अन धा’. ‘ओस’ म्हणजे जर, ‘ग्वेलुख’ म्हणजे तुम्ही बघाल, ‘अन धा’ म्हणजे चांगलं. अर्थात, ‘तुम्हाला बरं दिसलं तर’. लांबलचक वाटतं, पण लोक खरंच बोलतात. आपलं ‘कृपया’ रेल्वेच्या ध्वनिक्षेपकावर आणि सरकारी पाटीवर राहतं, घरात कुणी ‘कृपया मीठ वाढा’ म्हणत नाही. आपली विनंती ‘जरा’त असते, ‘देता का’मध्ये असते. वेल्शमधला ‘गा ई’ तसाच आहे, ‘मला मिळेल का’. अर्धी सभ्यता तिथेच झाली. घाईत ‘प्लीस’सुद्धा चालतं, तरुण मंडळी तेच म्हणतात. शेवटचा ‘उख’ मात्र कानात ठेवा. तो बसा-घ्या-यामधल्या ‘आ’सारखा, तुम्ही म्हणण्याचा. त्यांच्यात ‘ती’ म्हणजे तू आणि ‘खी’ म्हणजे तुम्ही. ‘आपण’ नाही. अनोळखी माणसाशी ‘खी’च धरा.

आता त्याच वाक्यातली दुसरी गोष्ट. ‘कप चहा’ला शब्द आहे ‘पानेद’ आणि चहा म्हणजे ‘ते’. मग मी ‘बानेद ओ दे’ का म्हटलं? ‘गा ई’नंतर प चा ब झाला आणि ‘ओ’नंतर त चा द. शब्दाचं पहिलं अक्षरच बदलतं. इंग्रजांना याची धडकी भरते. आपल्याला भरायचं कारण नाही, कारण ‘पुणे’ शब्द ‘पुण्याला’ होतो आणि ‘ठाणे’ ‘ठाण्याहून’ होतं हे आपण दुधाच्या दातांपासून करतोय. आपलं सामान्यरूप शेपटीकडून बदलतं, त्यांचं तोंडाकडून. परदेशी माणूस शब्दकोशात ‘पुण्या’ शोधत बसेल तसे तुम्ही ‘बानेद’ शोधत बसाल, तेवढं होणार.

बदलाची रीत तर बाराखडीवाल्यांसाठीच केल्यासारखी. शाळेत संस्कृत होतं ना? वाक् आणि ईश मिळून वागीश, वाक् आणि मय मिळून वाङ्मय. जगत् चा जगदीश आणि जगन्नाथ. वर्गातलं पहिलं अक्षर एकदा तिसरं होतं, एकदा पाचवं. आता त्यांच्या देशाचं नाव घ्या. ते देशाला वेल्स म्हणत नाहीत, ‘कम्री’ म्हणतात. हद्दीवरच्या पाटीवर लिहिलेलं असतं ‘क्रोइसो इ गम्री’, कम्रीत स्वागत : क चा ग. ‘वेल्समध्ये’ म्हणायचं तर ‘अङ ङ्हम्री’ : क चा ङ. तुमच्या मुलीच्या गावाचं तेच. ‘बँगोर’, तिथे जायचं तर ‘इ वँगोर’, तिथे राहायचं तर ‘अम मँगोर’. फरक इतकाच की संस्कृतात शेजारच्या आवाजाने बदल होतो. वेल्शमध्ये मुळात तसंच होतं, पण ते जुने आवाज झिजून गेले आणि बदल तेवढा मागे राहिला. त्यामुळे आता कुठल्या शब्दानंतर काय होतं हे लक्षात ठेवावं लागतं. आणि त्यावर अर्थही टांगलेला असतो. ‘ताद’ म्हणजे वडील. ‘इ दाद’ म्हटलं तर त्याचे वडील आणि ‘इ थाद’ म्हटलं तर तिचे. पाहुण्याने यात चुकलं तर कुणी बोल लावत नाही.

‘माझे वडील’ मात्र मुद्दाम म्हणून बघा : ‘व न्हाद’. ‘माझं डोकं’ : ‘व म्हेन’, मूळ शब्द ‘पेन’. हे न्ह आणि म्ह जमवताना इंग्रज विद्यार्थ्यांची जीभ वळत नाही, आणि आपण दिवसातून शंभर वेळा ‘म्हणून’ म्हणतो, पोरांना न्हाऊ घालतो. त्यांचा उच्चार आपल्याहून थोडा श्वासाचा, कमी घोष आहे, पण घराचा पत्ता सापडला म्हणायला हरकत नाही.

तेच दोन एलचं. ळ नको. ळ म्हणताना जीभ मागे वळते, इथे ती वळतच नाही. जीभ ल म्हणायच्या जागी टेकवा, आवाज बंद करा आणि जिभेच्या कडांनी नुसती हवा फुंका. मी तो ‘ल्ह’ लिहितो, कारण कोल्हापूरवाल्यांना निदान शेजारचं घर ठाऊक असतं. ‘ल्हान’ने सुरू होणारी गावं तुम्हाला पावलोपावली भेटतील, ल्हान म्हणजे चर्च आणि त्याभोवतीचं आवार. ‘आबेर’ म्हणजे नदीचं मुख, ‘काइर’ म्हणजे कोट, ‘पोंत’ म्हणजे पूल. बँगोरसमोरच्या बेटावर ते अठ्ठावन्न रोमन अक्षरांचं गाव आहे, फलाटावरच्या पाटीसमोर सगळे फोटो काढतात. ते नाव एकोणिसाव्या शतकात पर्यटकांसाठीच लांबवलेलं, तेव्हा पाठ करायच्या भानगडीत पडू नका. त्यापेक्षा पर्वताचं नाव नीट म्हणा. सर्वांत उंच शिखर, 1085 मीटर, आपण शाळेत स्नोडन शिकलो. राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाने 2022 मध्ये ठरवलं की आपल्या कागदांत ‘अर उइध्वा’ हेच लिहायचं.

लिपीतले थोडे सापळे. एक एफ म्हणजे व, दोन एफ म्हणजे फ. डब्ल्यू बहुतेकदा उ असतो, म्हणून ‘बुस’ म्हणजे बस. वाय पुष्कळदा आपला ऱ्हस्व अ असतो. दोन डी म्हणजे इंग्रजी ‘दिस’मधला सैल द, मी वर ध लिहिलाय. रस्त्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत जे दिसेल ते ‘आरव’, म्हणजे हळू. संस्कृतात ‘अरव’ म्हणजे निःशब्द. नातं काही नाही, पण माझ्या लक्षात राहिलं ते त्यामुळेच.

नातं खरंच आहे ते आकड्यांत. सात ‘साइथ’, नऊ ‘नाउ’, दात ‘दांत’, महिना ‘मीस’, विधवा ‘ग्वेधू’. एकाच मोठ्या कुळातल्या फार लांबच्या चुलत भाषा आहेत या. जुनी मोजणी विसांची, वीस ‘इगाइन’ आणि चाळीस ‘देइगाइन’, म्हणजे दोन विसा. आपल्या खेड्यातली म्हातारी माणसं साठाला ‘तीन विसा’ म्हणत तशी. अठराला ते ‘देइनाउ’ म्हणतात, दोन नव्वे. शाळेत मात्र ‘एक दहा आठ’ अशी सरळ पद्धत शिकवतात. आपल्याकडे बालभारतीने 2019 साली दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ आणलं तेव्हा किती कल्ला झाला होता! तिथे दोन्ही पद्धती शेजारीशेजारी नांदतात, घड्याळ आणि वय जुन्यात, हिशेब नव्यात.

आणखी एक मराठी सोय. वेल्शमध्ये ‘माझ्याकडे गाडी आहे’ असंच म्हणतात, मालकीचं वेगळं क्रियापद नाही. ‘मला सर्दी झालीय’ म्हणायचं तर ‘माझ्यावर सर्दी आहे’ : ‘माइ अन्विद आर्ना ई’. इंग्रजीतून भाषांतर करत गेलात तर अडखळाल, मराठीतून गेलात तर वाट उताराची आहे.

हे सगळं करायची गरज आहे का, असं तुमचे यजमान विचारतील. गरज नाही, इंग्रजी सगळ्यांना येतं. 2021 च्या जनगणनेत वेल्समध्ये तीन वर्षांवरचे 17.8 टक्के लोक वेल्श येते म्हणाले, साधारण 5 लाख 38 हजार. पण बँगोर ज्या ग्विनेध जिल्ह्यात आहे तिथे हाच आकडा 64.4 टक्के आहे. दुकानात, बँकेत कुणाच्या छातीवर नारिंगी रंगाचा संवादफुग्याचा बिल्ला दिसला तर समजा, यांना वेल्श येते, ‘बोरे दा’ इथे खुशाल खर्च करा. जास्त बोलायला लागले तर ‘द्वीन दस्गी’ म्हणा, मी शिकतेय. निघताना ‘हुइल’. हा शब्द मूळ गलबताच्या शिडाचा, त्याचाच अर्थ मजा, आणि निरोपही त्यातच.

राहिलं एक, आणि ते प्रवासात सगळ्यात उपयोगी. स्वच्छतागृहाला ‘ती बाख’ म्हणतात, म्हणजे छोटं घर. कुठे आहे विचारायचं तर ‘ब्ले माइर ती बाख?’ पुष्कळ दारांवर इंग्रजीही असतं, पण जुन्या ठिकाणी नुसती वेल्श पाटी दिसली तर यजमानांना आधीच सांगून ठेवा : रोमन एमने सुरू होतो तो शब्द ‘मेर्खेद’, आणि तो बायकांचा. पुरुषांचं दार ‘दन्योन’चं, डीने सुरू होणारं.