चोरीच्या मोबाईलवरून पैसे गेलेत? एफआयआरची वाट न बघता बँकेची पोच घ्या

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. बाबांचा मोबाईल दादरला गाडीत चढताना मारला, रात्रीतून यूपीआयने तीनदा पैसे गेले, आणि शाखा म्हणते "आधी एफआयआर आणा, मग अर्ज घेऊ". आमच्या सासऱ्यांच्या बाबतीत अगदी हेच झालं होतं, फक्त स्टेशन ठाणे. सिम बंद केलंय आणि 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, कळवलंय असं तुम्ही लिहिलंच आहे, त्यामुळे त्यावर बोलत नाही.

एफआयआरसाठी थांबू नका. आजच बँकेला लेखी कळवा आणि कळवल्याचा पुरावा हातात ठेवा. सगळं प्रकरण शेवटी या एका कागदावर येतं.

कारण सांगते. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक आहे, ग्राहकाच्या मर्यादित जबाबदारीचं. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणीतरी पैसे काढले, अशा वेळी व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. 4 ते 7 कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला एकेका व्यवहारामागे 10,000 रुपयांपर्यंत भुर्दंड बसू शकतो. 7 दिवसांच्या पुढे गेलात की बँकेचं धोरण काय म्हणेल ते. सूचना मिळाली तो दिवस यात धरत नाहीत. आणि कळवण्यासाठी एफआयआर जोडायलाच हवा अशी अट त्या परिपत्रकात नाही. दाव्याच्या वेळी बँक ती मागेल, तेव्हा द्या. पण कळवणं वेगळं आणि कागद पुरे करणं वेगळं. काउंटरवरच्या माणसाला हा फरक माहीत नसतो, किंवा माहीत असून सांगायचा नसतो.

आमच्याकडे काय झालं बघा. मी माझ्या फोनवरून हेल्पलाईनला कळवलं, कार्ड आणि नेटबँकिंग बंद करून घेतलं. पलीकडची मुलगी म्हणाली, तक्रार क्रमांक एसएमएसने येईल. एसएमएस जाणार कुठे, तर खात्याला जोडलेल्या नंबरवर, म्हणजे चोरीला गेलेल्या, आम्हीच बंद करून घेतलेल्या सिमवर! डुप्लिकेट सिम घेतलं, तर सिम बदलल्यावर पहिले 24 तास एसएमएस बंद ठेवतात. ग्राहकाच्या सुरक्षेसाठीच आहे ते आणि योग्यही आहे, पण तो क्रमांक आम्हाला कधी दिसलाच नाही.

मग शाखा. काउंटरवरच्या बाईंनी अर्ज उलटापालटा करून पाहिला आणि काचेखालून परत सरकवला. "एफआयआरची झेरॉक्स लावा." लोहमार्ग पोलिसांकडे गेलो तर चोरी फलाटावर झाली की गाडीत, हद्द कुणाची, यावरच वेळ गेला. मध्ये दुसरा शनिवार आणि रविवार. सत्तरी ओलांडलेला माणूस प्लास्टिकच्या फाईलमध्ये पासबुक आणि पेन्शनचे कागद घेऊन बाकावर बसून राहायचा, आणि त्याला प्रत्येक वेळी नवीन टेबल दाखवलं जायचं. शेवटी अर्जावर शिक्का बसला तेव्हा तारीख पहिल्या मुदतीच्या पुढे गेलेली होती. आणि त्याच शाखेने नंतर पत्रात लिहिलं, "ग्राहकाने कळवण्यास विलंब केला". ती ओळ आठवली की अजून संताप होतो. अर्ज परत केला त्यांनीच आणि विलंब आमच्या नावावर.

यातून सुटलो ते माझ्या फोनच्या कॉलच्या यादीमुळे. सिम कंपनीच्या ॲपवरून तपशीलवार यादी काढली. त्यात बँकेच्या हेल्पलाईनला केलेला कॉल तारीख, वेळ, कालावधीसकट होता. ती जोडून बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याला, लिहिलं, कॉलचं रेकॉर्डिंग तपासा म्हटलं. 30 दिवसांत उत्तर नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार केली. फी नाही, वकील लागत नाही. पैसे मिळाले, पण बऱ्याच महिन्यांनी. खरं तर कळवल्यापासून 10 कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम बँकेने खात्यात तात्पुरती जमा करायची असते आणि 90 दिवसांत प्रकरण निकाली काढायचं असतं. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेचीच. अर्जात या तिन्ही गोष्टी परिपत्रकाच्या तारखेसह लिहा. मोघम विनंतीपेक्षा अशा अर्जाचा उपयोग होतो असा माझा अनुभव.

तुम्ही आज एवढं करा: बँकेच्या अधिकृत तक्रार पत्त्यावर आणि नोडल अधिकाऱ्याला ईमेल टाका, त्यात 1930 च्या तक्रारीचा क्रमांक द्या. हेल्पलाईनला परत फोन करून तक्रार क्रमांक तोंडी सांगायला लावा, तिथल्या तिथे लिहून घ्या. अर्जाच्या दोन प्रती न्या. पोच देत नसतील तर वाद घालत बसू नका, पोस्टात जा आणि स्पीड पोस्टने पाठवा.

मी वकील नाही, बँकेतही नाही, आणि तुमचं प्रकरण वेगळं असू शकतं. बाबांनी ओटीपी किंवा पिन कुणाला सांगितला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान ग्राहकाच्या माथी येतं, कळवल्यानंतरचं बँकेच्या. म्हणजे तेव्हाही लवकर कळवण्यातच फायदा. त्यांना न रागावता विचारा, आणि असेल ते खरं लिहा.

खाली कुणीतरी विचारलंय की पिन माहीत नसताना पैसे गेले कसे. चोराला फोन उघडावाच लागत नाही. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की यूपीआय ॲप त्या सिमवरून एसएमएस पाठवून खातं ओळखतं, आणि बऱ्याच बँकांत डेबिट कार्डाचे शेवटचे 6 आकडे, मुदतीची तारीख आणि ओटीपी एवढ्यावर नवा पिन करता येतो. सासऱ्यांचं कार्ड मोबाईलच्या फ्लिप कव्हरच्या खिशात होतं. घरातल्या मोठ्यांची कव्हरं आजच उघडून बघा, कार्ड आणि आधार त्यात ठेवू देऊ नका.

संचार साथी या सरकारी पोर्टलवर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) ब्लॉक करणं सवडीने केलं तरी चालेल, त्याला पोलिसांचा कागद लागतोच. नव्या सिमला मात्र सिम पिन लावाच. स्क्रीन लॉकपेक्षा मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी पिन विचारला जातो. सुरुवातीचा पिन सिम कंपनीला विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. 3 वेळा चुकला की सिम परत उघडायला पीयूके हा 8 आकडी कोड लागतो, आणि तो 10 वेळा चुकला की सिम कायमचं बाद होतं.