'फ्लेमेबल' आणि 'इन्फ्लेमेबल' यांत फरक काय? पेट घेणारं नेमकं कोणतं?

दोन्ही. पेट्रोलच्या टँकरवर 'हायली इन्फ्लेमेबल' आणि सॅनिटायझरच्या बाटलीवर 'फ्लेमेबल' पाहून तुम्ही गोंधळलात, पण ठिणगीपासून दोन्ही लांबच ठेवायचं. अर्थात तसूभर फरक नाही.

घोळ होतो तो 'इन'मुळे. 'इनकरेक्ट', 'इनव्हिजिबल' शाळेत घोकल्यामुळे 'इन' दिसला की आपण नकार धरून चालतो. इथला 'इन' तो नव्हे. लॅटिनमध्ये 'पेटवणे' या अर्थाचं 'इन्फ्लामारे' हे क्रियापद आहे, त्याच्यासोबत तो आला. डॉक्टर ज्याला 'इन्फ्लेमेशन' म्हणतात ते याच घराण्यातलं. गंमत म्हणजे 'इन्फ्लेमेबल' हाच थोरला. 'फ्लेमेबल' रुळला बराच नंतर.

हा गोंधळ फक्त आपलाच नाही. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचीही फसगत होईल म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 1920च्या दशकातच 'फ्लेमेबल' वापरा असा आग्रह धरला. आज धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीत तोच शब्द चालतो. ड्रमवर कोनावर उभा केलेला लाल चौकोन, वर ज्वाळा आणि खाली 3 हा आकडा दिसला, की तो 'फ्लेमेबल लिक्विड'. आपल्या टँकरांवर मात्र जुना शब्द अजून ठाण मांडून आहे. माझं विचाराल तर तो पुसून टाकावा. सूचना वाचून माणसाला विचार करत बसावं लागलं, तर ती सूचना कसली?

तेव्हा लेबल लिहायचं असेल तर 'फ्लेमेबल' आणि उलट अर्थाला 'नॉन-फ्लेमेबल'. 'इन्फ्लेमेबल' शोभतो तो चटकन भडकणाऱ्या स्वभावाला. भडकाऊ भाषणाला मात्र 'इन्फ्लेमेटरी' म्हणतात, तिथे गल्लत नको.

खरा फरक पाहायचा असेल तर 'फ्लेमेबल' आणि 'कम्बस्टिबल' यांत पाहा. पेट्रोलची वाफ उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते. डिझेलला त्यासाठी साधारण 50 अंशांच्या वर तापावं लागतं. म्हणून अमेरिकेत पेट्रोल 'फ्लेमेबल' आणि डिझेल बहुधा 'कम्बस्टिबल' धरतात. आपल्या पेट्रोलियम कायद्याने शब्दांचा हा खेळच टाळलाय: 23 अंशांखाली पेट घेणारं ते 'अ' वर्गात, त्यापुढचं 'ब' आणि 'क' वर्गांत.