राजीनाम्याच्या कागदावर सही करण्याआधी

प्रश्न : शिरोलीच्या फाउंड्रीत अकरा वर्षं मोल्डिंगला आहे. मशीनमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेली. मॅनेजर म्हणतात, "राजीनामा दे, हिशोब चांगला करतो, नाहीतर काढावंच लागेल." काय करू?

उत्तर : सही करू नका. 'स्वखुशीने सोडतो' असा कागद एकदा फाइलला लागला, की दबाव होता हे सिद्ध करता करता तुमच्या नाकीनऊ येतील. त्यापेक्षा आजच पोचपावतीसह स्पीड पोस्टने पत्र टाका : मला काम करायचं आहे, तपासणी, स्टोअर, गेट, जे जमेल ते द्या. पोचपावती जपा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 3 खाजगी मालकालाही दिव्यांगत्वामुळे भेदभाव करू देत नाही. प्रत्येक आस्थापनेला समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं, वीस किंवा जास्त कामगार असतील तर ते अधिक तपशीलवार. तुमच्याकडे ते आहे का, हेही पत्रात विचारा. पण खोटी आशा दाखवत नाही. नोकरी टिकण्याची ठोस हमी देणारं कलम 20 सरकारी आस्थापनांपुरतंच आहे. तुमची खरी लढाई कामगार कायद्याची. काढलंच तर सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज करा. 45 दिवसांत तडजोड झाली नाही, तर थेट औद्योगिक न्यायाधिकरणात जाता येतं. काढल्यापासून दोन वर्षं उलटू देऊ नका. आणि ईएसआयमधून (कामगार विमा योजनेतून) मिळणारा अपंगत्व लाभ 'हिशोबात धरला' असं कुणी म्हणालं, तर ऐकून घेऊ नका. तो तुमचा वेगळा हक्क आहे.

प्रश्न : आमचे मिस्टर एसटीत ड्रायव्हर. डोळ्यांच्या तपासणीत अनफिट ठरले, आता घरी बसवतायत.

उत्तर : ताई, एसटी महामंडळ सरकारी आस्थापनेत मोडतं, म्हणून इथे कायदा तुमच्या बाजूला भक्कम उभा आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून कलम 20 नुसार काढता येत नाही, पदही उतरवता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. जागा नसेल तर जास्तीचं पद निर्माण करून सामावून घ्यायचं. तेलंगणातल्या एका रंगांध बसचालकाला असंच निवृत्त केलं होतं. 1 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने त्याला योग्य पदावर परत घ्यायला लावलं. आधी महामंडळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, मग पुण्यात दिव्यांग आयुक्तांकडे. हायकोर्टात जायची वेळ आली, तरी आता मुंबईला जायला महालक्ष्मी एक्सप्रेसची रात्र काढायला नको. 18 ऑगस्ट 2025 पासून सर्किट बेंच आपल्या कोल्हापुरातच बसतं.

प्रश्न : मला कमी ऐकू येतं, दाखल्यावर 30 टक्के. 40 च्या खाली म्हणून कायदा लागू नाही, असं एचआर म्हणतात.

उत्तर : चूक. 40 टक्के ही अट आरक्षणासारख्या सवलतींची. भेदभावाची मनाई त्याखालच्यांनाही लागू आहे. कलम 2 मधली 'दिव्यांग व्यक्ती'ची व्याख्या त्यांना वाचायला द्या. तिथे टक्केवारी नाही.