चार घासांचं पोट: वजनाच्या ऑपरेशननंतरचे प्रश्न

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचं खाणंपिणं या विषयावर प्रश्न मागवले होते. आलेल्या बहुतेक पत्रांत काळजी एकच आहे: जास्त खाल्लं गेलं तर? पहिल्या सहा-आठ महिन्यांत धोका बहुधा दुसऱ्या बाजूनं येतो. पाणी कमी पडतं, प्रथिनं कमी पडतात, जीवनसत्त्वं संपत जातात आणि काटा खाली सरकत असल्यामुळे घरात सगळे खूश असतात.

उत्तरं वाचण्याआधी एवढं लक्षात असू द्या. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून केळ्यासारखी नळी ठेवतात. 'बायपास'मध्ये जठराच्या वरच्या टोकाची साधारण ३० मिलीची पिशवी करून ती लहान आतड्याला पुढे जोडतात, म्हणजे अन्न आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून जातं. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः तिथेच शोषलं जातं. मिनी बायपास झालेल्यांनी बायपासचेच नियम पाळावेत.

प्रश्न : पत्नीची स्लीव्ह होऊन तीन आठवडे झाले. एक ग्लास पाणी तासभर पुरतं. दोन दिवसांपासून उलट्या आहेत, घोटही टिकत नाही. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू आहे, पण घरात दिवसभर कूलर असतो. नात्यातल्या काकू म्हणतात, या ऑपरेशननंतर असं होतंच. किती दिवस वाट पाहावी? — मानेवाडा

वाट पाहू नका, हे उत्तर हातात पडेल त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाणी २४ तास टिकत नसेल तर ते 'होतंच' या सदरात बसत नाही. जिथे शस्त्रक्रिया झाली ते रुग्णालय लांब असेल तर जवळचा कोणताही आपत्कालीन विभाग चालेल, पण तिथल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा: 'वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे, उलट्या होत आहेत, ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन द्या.'

थायमिन म्हणजे जीवनसत्त्व बी-१. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. खाणं कमी आणि त्यात उलट्या, म्हणजे तो झपाट्यानं संपतो. अशा वेळी नुसतं ग्लुकोज शिरेतून गेलं तर ते पचवण्यात उरलेलं थायमिन खर्च होतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. ती कायमची राहू शकते. एकाचे दोन दिसणं, चालताना झोक जाणं, बोलण्यात गोंधळ, पायांना मुंग्या ही लक्षणं दिसली तर रात्रीची सकाळ होऊ देऊ नका. ताप, नाडी मिनिटाला १२० च्या वर, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं असेल तर टाक्यांच्या रेषेतून गळती झाली आहे का, हे आधी पाहावं लागतं. नळीच्या वळणावर अरुंदपणा आला असेल तर दुर्बिणीतून फुग्यानं तो भाग रुंद करता येतो.

उलट्या थांबल्यावर पाण्याचा हिशेब असा ठेवा. तासाला १०० मिली, जागेपणीचे १५ तास, म्हणजे दीड लिटर. ग्लास समोर ठेवूच नका. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं झाकण १० ते १५ मिलीचं असतं. दर सात-आठ मिनिटांनी एक झाकण. फ्रिजचं पाणी अनेकांना पोटात कळ आणतं, माठातलं किंवा कोमट बरं. स्ट्रॉनं हवा पोटात जाते, ती टाळा. बिनसाखरेचं लिंबूपाणी, मीठ-जिरं घातलेलं अगदी पातळ ताक हे सगळं या दीड लिटरमध्ये मोजा. पन्ह्यातला गूळ-साखर सध्या नको.

कूलरवर विसंबू नका. आपल्या नागपूरकडच्या कोरड्या उन्हाळ्यात घाम आल्याचं कळायच्या आत वाळून जातो. लघवी गडद पिवळी असेल, दिवसातून चारपेक्षा कमी वेळा होत असेल, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर पाणी कमी पडतंय. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल तर ती बदलायची का, हे फोन करून आजच विचारा.

प्रश्न : मी शुद्ध शाकाहारी आहे. बायपासला दहा आठवडे झाले. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं घ्या असं सांगितलंय. एका वेळी अर्धी वाटी जाते. डाळीचं पाणी भरपूर घेते, पावडरीचा वास सहन होत नाही. कसं जमवायचं? — धरमपेठ

डाळीच्या पाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, ती खाली बसलेल्या डाळीत राहतात. पहिल्या पंधरवड्यात ते पाणी ठीक होतं. आता ते पोटातली जागा अडवतं, एवढंच.

अर्ध्या वाटीत ६० ग्रॅम बसवायचे तर दिवसातून पाच-सहा वेळा खावं लागेल आणि प्रत्येक वेळी प्रथिनांचा पदार्थ आधी. उदाहरण घ्या. सकाळी १५० मिली दुधात दोन मोठे चमचे बिनसायीची दूध पावडर, साधारण १० ग्रॅम. दहा वाजता ३० ग्रॅम मूगडाळीचं धिरडं, आत ३० ग्रॅम किसलेलं पनीर, १२ ग्रॅम. दुपारी २० ग्रॅम सोयाचा चुरा (कोरडा मोजून, भिजवून, पिळून) तीन-चार चमचे घट्ट वरणात शिजवलेला, १३-१४ ग्रॅम. चार वाजता ८० ग्रॅम चक्का, साखर न घालता, ६-७ ग्रॅम. रात्री ३० ग्रॅम बेसनाचं पातळसर चून (पिठलं) आणि ४० ग्रॅम मऊ पनीर, १३ ग्रॅम. बेरीज ५५ च्या आसपास जाते. चून मोकळं, कोरडं करू नका, घशाखाली उतरणार नाही. एका वेळी सगळं संपत नसेल तर उरलेलं झाकून तासाभरानं खा. पोट भरल्यावर एक घासही रेटू नका.

उरलेले ग्रॅम पावडरीतूनच येतील. अर्धा स्कूप म्हणजे बहुधा १२ ग्रॅम; नेमका आकडा डब्यावर पाहा. उकळत्या दुधात टाकली की तिच्या गुठळ्या होतात आणि वासही वाढतो. थंड ताकात जिरेपूड आणि थोडा सांबार (कोथिंबीर) घालून फेटा किंवा धिरड्याच्या पिठात मिसळा. दुधानं पोट गडगडत असेल तर 'आयसोलेट' प्रकारची पावडर घ्या, तिच्यात दुधातली साखर अगदी कमी असते.

डब्यातलं वजन डोळ्यांनी ओळखता येत नाही. स्वयंपाकघरात ग्रॅमचा काटा ठेवाच. पंधरा दिवसांत अंदाज बसतो.

प्रश्न : स्लीव्हला अडीच महिने झाले. मऊ पोळीचा दुसरा घास छातीत अडकतो, तोंडाला फेसाळ लाळ सुटते. मात्र चिवडा सहज जातो. मग चिवडा खावा का? — महाल

नको. मऊ पोळी आणि ताजा मोकळा भात यांचा चघळून पुन्हा गोळा होतो, तो नळीच्या तोंडाशी बसतो. चिवडा विरघळतो आणि सरकून जातो, म्हणून वाटीमागून वाटी संपते. 'मला हे पचतं' असं वाटायला लागतं, तीच पुढच्या वजनवाढीची सुरुवात.

पोळीऐवजी कडक शेकलेला फुलका किंवा भाकरीचा वरचा पापुद्रा वरणात भिजवून घ्या. घास तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढा, २० ते २५ वेळा चावलेला, आणि तो गिळेपर्यंत चमचा ताटात. जेवण २० ते ३० मिनिटांत. जेवताना आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. रश्शाची वाटीही पाण्यातच धरा, त्यामुळे तर्री-पोहे हे जवळपास पाण्याबरोबर जेवणंच आहे. सावजीचं मटण वर्षभर लांब ठेवलेलं बरं, तेल-तिखटामुळे आणि मांसाच्या रेषांमुळेही.

अडकलं तर खाणं थांबवा, उभे राहा, घरातल्या घरात चाला. वरून पाणी ओतू नका, ते खाली जाणार नाही, परत येईल. बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात मोकळं होतं. स्वतःची लाळही काही तास गिळता येत नसेल तर दुर्बिणीनं तुकडा काढावा लागतो.

आणि संत्र्याबद्दल कोणीच विचारलं नाही, याचं आश्चर्य वाटलं. फोडीवरचा पापुद्रा आणि पांढरे धागे पचत नाहीत. लहान पोटात त्यांचा गुंता होऊन मार्ग बंद पडू शकतो. फोड उघडून आतला गर खा, दोन-तीन फोडी पुरेत. रस नको.

प्रश्न : सुनेची बायपास होऊन पाच महिने झाले. महालक्ष्म्यांच्या जेवणात तिनं अर्धी पुरणपोळी खाल्ली. वीस मिनिटांत छाती धडधडली, दरदरून घाम आला, जुलाब झाले. मी लगेच साखरपाणी दिलं, तर आणखी वाईट वाटलं. शेजारी म्हणतात, नजर लागली. — नंदनवन

सासूबाई, नजर नाही, पुरणातला गूळ आहे. नव्या पिशवीला पूर्वीसारखा दरवाजा नाही, त्यामुळे गोड पदार्थ एकदम आतड्यात उतरतो, आतडं शरीरातलं पाणी ओढून घेतं आणि हे सगळं होतं. डॉक्टर याला डंपिंग म्हणतात. अशा वेळी आडवं करा, कपडे सैल करा, अर्ध्या-एक तासात उतरतं. साखर दिल्यानं तोच प्रकार वाढतो.

याची दुसरी तऱ्हा जेवणानंतर एक ते तीन तासांनी येते: हात थरथरतात, भूक लागल्यासारखं होतं, डोकं काम करत नाही. इथे रक्तातली साखर उतरलेली असते. ग्लुकोमीटर लावा. आकडा ७० च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे ग्लुकोज पाण्यातून द्या आणि बरं वाटल्यावर पनीरचा तुकडा. म्हणजे साखर द्यायची की नाही हे वेळेवर आणि मीटरवर ठरतं. असं पुन्हा झालं तर डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या वर्षी तिला आधी पनीर किंवा वरण खाऊ द्या, मग प्रसादाचं पुरण नखभर. वाढताना तिचं ताट लहान असू द्या. सोळा भाज्या मोठ्या ताटात चमचा-चमचा वाढल्या तरी ताट रिकामं दिसतं आणि पंगतीतला आग्रह सुरू होतो. तो थांबवणं तुमच्याच हातात आहे, तिच्या नाही.

प्रश्न : बायपासला वर्ष झालं. औषधाच्या दुकानात कॅल्शियमची स्वस्त गोळी मिळाली, ती लोहाच्या गोळीबरोबर रात्री घेतो. गुडघ्यासाठी अधूनमधून दुखण्याची गोळी लागते. खर्रा (तंबाखू-सुपारीचा) कमी केलाय, सुटला नाही. — कामठी

चारही गोष्टी बदलायला हव्यात.

स्वस्त गोळी बहुधा कॅल्शियम कार्बोनेट असेल. तिला विरघळायला आम्ल लागतं, जे तुमच्या पिशवीत फारसं नाही. सायट्रेट मागा, दिवसाला एकूण १२०० ते १५०० मिलिग्रॅम, एका वेळी ५००-६०० पेक्षा जास्त नाही. वेष्टनावर 'एलिमेंटल', म्हणजे गोळीतल्या प्रत्यक्ष कॅल्शियमचा आकडा बघा, मोजायचा तो. लोह आणि कॅल्शियम एकमेकांना अडवतात; मध्ये किमान दोन तास ठेवा, आणि लोहाच्या आगेमागे चहा नको. बी-१२, ड जीवनसत्त्व आणि मल्टिव्हिटॅमिन हे आयुष्यभराचं आहे. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, ड, कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड संप्रेरक तपासा.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन यांनी पिशवी आणि आतड्याच्या जोडावर व्रण होतो. पॅरासिटामॉल चालतं, मात्र बाजारात एसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी सर्रास मिळते आणि फसगत तिथेच होते. पाकिटावरची दोन्ही नावं वाचा.

खर्ऱ्यातल्या निकोटिननं जोडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि व्रण भरत नाही. 'कमी केला' याला इथे अर्थ नाही. काळी शौच, रक्ताची उलटी किंवा वरच्या पोटात सतत जळजळ असेल तर लगेच दाखवा. तंबाखू सोडवणारी केंद्रं सरकारी रुग्णालयांत असतात, तिथे जा.

प्रश्न : चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळताहेत. पाळीही नियमित झाली आहे. मूल हवं आहे, कधीपर्यंत थांबायचं? — हिंगणा रोड

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यातली गळती झपाट्यानं उतरलेल्या वजनामुळे असते. प्रथिनं, लोह आणि जस्त नीट असेल तर वर्षाच्या आत केस परततात. महागडी तेलं त्यात काही करत नाहीत. नऊ महिन्यांनंतरही गळत असतील तर फेरिटिन तपासा.

गर्भधारणा १२ ते १८ महिने पुढे ढकला. पाळी सुधारल्यानं दिवस अनपेक्षितपणे राहतात, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. तांबी किंवा दुसरं साधन विचारा. पुढे गरोदरपणात मधुमेहाच्या तपासणीसाठी ग्लुकोजचं पाणी प्यायला सांगतील, तेव्हा शस्त्रक्रियेचं आठवणीनं सांगा. त्याऐवजी आठवडाभर घरी मीटरवर साखर बघता येते.

प्रश्न : स्लीव्हला अडीच वर्षं झाली. ७१ किलोपर्यंत उतरलो होतो, आता ७७. पोट पुन्हा मोठं झालं का? — प्रतापनगर

थोडी नळी सगळ्यांचीच सैलावते आणि सर्वांत कमी वजनावरून काही किलो परत येणं नेहमीचं आहे. पण आधी तीन दिवस, त्यात एक रविवार, तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहा. दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे साखरेच्याच दीडशेच्या वर कॅलरी. टपरीवरचा अर्धा आलुबोंडा, मुलाच्या ताटातलं उरलेलं, टीव्हीपुढचा चिवडा यांना जेवण म्हणत नाहीत, म्हणून ते मोजले जात नाहीत. जेवताना पाणी प्यायची सवय परत आली असेल तर घास लवकर खाली सरकतो आणि भूकही लवकर लागते.

अंबाझरी तलावावर चालायला जात असाल तर सुरू ठेवा. त्याबरोबर आठवड्यातून दोन-तीनदा वजनं किंवा रबरी पट्ट्यांचे व्यायाम हवेत, कारण वजनाबरोबर स्नायूही उतरलेले असतात. दारू घेत असाल तर ती आता लवकर आणि जास्त चढते, शिवाय कॅलरी देते. पूर्वीच्या प्रमाणावर जाऊन गाडी चालवू नका.

लिहिलेल्या वहीत काही सापडलं नाही, किंवा रात्री आंबट पाणी घशाशी येत असेल, तर ती वही घेऊन सर्जनकडे जा. दुर्बीण करायची की बेरियमचा एक्स-रे, ते वही पाहून ठरवणं त्यांना सोपं जाईल.